वायटीमधून एक दीर्घिका मोजताना

वायटी ही खगोलशास्त्रातल्या सिम्युलेशनचा डेटा उघडून त्यातून चित्रं आणि मोजमापं काढणारी पायथन लायब्ररी. तिच्यात पहिलं चित्र चार ओळींत निघतं. लायब्ररी इम्पोर्ट करायची, डेटासेट लोड करायचा, स्लाइस (एका प्रतलातला छेद) काढायचा, सेव्ह म्हणायचं. एन्झो, फ्लॅश, रॅम्सेस, गॅजेट, अरेपो अशा प्रत्येक सिम्युलेशन कोडची फाइल ठेवायची तऱ्हा निराळी असते. त्या सगळ्या एकाच पद्धतीने उघडता येणं ही मोठीच सोय आहे. पण त्या चार ओळींत वायटीने आपल्या वतीने बरेच निर्णय घेतलेले असतात: केंद्र कुठे धरायचं, किती रुंदी दाखवायची, सरासरी कशाने भारित करायची, एकक कुठलं, रंगपट्टी कुठून कुठपर्यंत. नुसतं बघायचं असेल तर हे चालतं. चित्रावरून आकडा सांगायचा असेल, तर यातला प्रत्येक निर्णय स्वतः घ्यावा लागतो. एकाच सॅम्पल डेटासेटवर ते काम कसं होतं, ते सुरुवातीपासून लिहितो आहोत. कमांड आणि फंक्शनची नावं इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना ती रोमनमध्येच करायची.

मॅथ्यू टर्क यांनी स्टॅनफर्डला पीएचडी करताना एन्झोच्या डेटासाठी या सॉफ्टवेअरची सुरुवात केली. २०११ मध्ये पद्धतीवरचा शोधनिबंध आला, २०१४ मध्ये तिसरी मोठी आवृत्ती, २०२१ मध्ये चौथी. लायसन्स बीएसडी आहे, म्हणजे वाचा, बदला, वापरा. आतलं जड काम सायथनमध्ये आहे आणि आपण लिहितो ते साधं पायथन.

इन्स्टॉल करताना नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करावं आणि त्यात 'पिप इन्स्टॉल वायटी' द्यावं. कोंडा वापरणाऱ्यांनी कोंडा-फोर्ज चॅनेलवरून घ्यावं. नुसत्या वायटीबरोबर प्रत्येक फाइल-फॉरमॅटची लायब्ररी येत नाही. एन्झोच्या फाइली एचडीएफ५ मध्ये असतात, त्यांना एच५पाय लागतं. ते एकदम हवं असेल तर वायटीच्या पुढे चौकटी कंसात एन्झो लिहून इन्स्टॉल करता येतं. मॅकवर झी-शेल असल्यामुळे तो सगळा शब्द अवतरणचिन्हांत घालावा लागतो, नाहीतर शेल त्या चौकटी कंसाचा भलताच अर्थ लावून 'नो मॅचेस फाउंड' म्हणून थांबतो. पिपला त्याचा पत्ताही लागलेला नसतो.

सॅम्पल डेटासाठी 'लोड_सॅम्पल' हे फंक्शन आहे. त्याला 'आयसोलेटेडगॅलेक्सी' हे नाव दिलं की ते डेटा उतरवतं, उलगडतं आणि उघडून देतं. त्यासाठी पूच आणि पांडाज या लायब्ररी लागतात. डेटा ठेवायची जागा वायटीच्या कॉन्फिग फाइलमध्ये, 'टेस्ट_डेटा_डिर' या नावाखाली, आधीच लिहून ठेवावी. ती नसेल तर डेटा चालू फोल्डरमध्येच उतरतो, आणि दुसऱ्या फोल्डरमधून स्क्रिप्ट चालवली की काहीशे एमबी पुन्हा उतरतात. होस्टेलच्या किंवा मोबाइलच्या नेटवर हे परवडत नाही.

स्वतःचा डेटा असेल तर 'लोड'ला नेमकी कुठली फाइल द्यायची, हे कोडप्रमाणे बदलतं. एन्झोला पॅरामीटर फाइल, म्हणजे या सॅम्पलमध्ये गॅलेक्सी००३० या फोल्डरमधली त्याच नावाची, एक्सटेन्शन नसलेली फाइल. रॅम्सेसला आउटपुट फोल्डरमधली इन्फोने सुरू होणारी टेक्स्ट फाइल. गॅजेटचा स्नॅपशॉट अनेक तुकड्यांत असेल तर शून्य क्रमांकाचा तुकडा, बाकीचे वायटी शोधून घेतो. 'कुड नॉट डिटरमाइन इनपुट फॉरमॅट' असा संदेश आला तर दोनच गोष्टी आधी बघाव्यात: फाइल चुकीची दिली का, आणि त्या फॉरमॅटची लायब्ररी आहे का. डेटाच खराब आहे असं समजून सिम्युलेशन पुन्हा चालवायला घेणं, हे त्यानंतरचं.

लोड झालं म्हणजे डेटा मेमरीत आला असं नाही. वायटी आधी फक्त पॅरामीटर वाचतो, पहिला प्रश्न विचारल्यावर ग्रिडची (सेलच्या जाळ्यांची) उतरंड वाचतो आणि खुद्द घनता-तापमान लागेल तेव्हाच, लागेल तेवढंच आणतो. गॅलेक्सी००३० मध्ये १७३ ग्रिड आहेत. उतरंड वाचताना प्रोग्रेस बारवर हा आकडा दिसतो. मग आम्ही पहिलं काम करतो ते 'प्रिंट_स्टॅट्स'. पेटी, म्हणजे सिम्युलेशनचा आख्खा घन, १ मेगापार्सेकची (१,००० किलोपार्सेक, म्हणजे दहा लाख पार्सेक; पार्सेक हे खगोलशास्त्रातलं अंतराचं एकक), मूळ ग्रिड ३२ × ३२ × ३२, त्यावर बारीक होत जाणाऱ्या ८ पातळ्या. म्हणजे सगळ्यात मोठा सेल ३१.२५ किलोपार्सेकचा आणि सगळ्यात बारीक सेल साधारण १२२ पार्सेकचा. हे दोन आकडे कागदावर लिहून समोर ठेवावेत. दीर्घिकेची तेजस्वी चकती मूळ ग्रिडच्या एकाच सेलमध्ये बसेल, आणि पुढच्या बहुतेक गोंधळाचं मूळ याच दोन आकड्यांच्या अंतरात आहे.

पहिला गोंधळ स्लाइसमध्येच होतो. रुंदी न सांगता 'स्लाइसप्लॉट' काढला तर पूर्ण पेटी दिसते. चित्राचा बफर डिफॉल्टने ८०० × ८०० पिक्सेलचा असतो, म्हणजे एक पिक्सेल १.२५ किलोपार्सेकचा. मधल्या भागात एवढ्या जागेत शंभरएक बारीक सेल बसतात आणि ते मिसळून एकच रंग होतो. त्यामुळे रंगपट्टीवर दिसणारं कमाल मूल्य हे डेटामधलं कमाल मूल्य नव्हे. आता 'सेट_विड्थ' वापरून २० किलोपार्सेकवर या. पिक्सेल २५ पार्सेकचा होतो आणि एक बारीक सेल पाचेक पिक्सेल रुंद दिसतो. चित्रात चौकोन दिसायला लागतात. नवखे लोक इथे घाबरतात आणि चित्र गुळगुळीत कसं करायचं विचारतात. ते करू नये. ते चौकोन हेच सिम्युलेशनचं खरं रेझोल्यूशन आहे. त्याहून बारीक काहीही त्यात नाही. 'ॲनोटेट_ग्रिड्स' लावून कुठली पातळी कुठे संपते ते बघितलं की चित्रातली सरळ रेषेतली 'सीमा' वायूची आहे की ग्रिडची, हे लगेच कळतं.

आता केंद्र. सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा थांबून सांगतो.

'फाइंड_मॅक्स'ला घनता दिली की वायटी सांगतो: कमाल घनता ७.७३ गुणिले १० चा उणे २४ वा घात, ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. सगळं हायड्रोजन धरलं तर घन सेंटिमीटरमागे साडेचार-पाच अणू. जागा, पेटीची बाजू १ धरून: ०.५०४०९, ०.४९९८२, ०.५००१८. वरवर पाहता हे पेटीचं केंद्रच वाटतं, शेवटी ०.५ च्या जवळच आहे. पण पेटी १ मेगापार्सेकची आहे, तेव्हा एक्सवरचा तो ०.००४०९ चा फरक म्हणजे ४ किलोपार्सेकहून जास्त. तिन्ही दिशा धरून अंतर ४.१ किलोपार्सेक भरतं. दीर्घिकेची चकती पेटीच्या मध्याभोवती आहे. सगळ्यात दाट जागा मात्र त्या चकतीतल्या वायूच्या एका गाठीत आहे. कितीतरी स्क्रिप्टमध्ये केंद्राच्या जागी सरळ 'मॅक्स' लिहिलेलं असतं. या डेटासेटवर ती स्क्रिप्ट दीर्घिकेचं नव्हे तर त्या गाठीचं प्रोफाइल (केंद्रापासूनच्या अंतराप्रमाणे बदलाचा आलेख) काढून देते. कुठेही एरर येत नाही, आलेखही नीट दिसतो.

परिणाम कसा होतो ते रेडियल व्हेलॉसिटीवर, म्हणजे केंद्राकडे किंवा केंद्रापासून दूर जाण्याच्या वेगावर, स्पष्ट दिसतं. चकती मध्याभोवती फिरते आहे. आपण मोजणीचा बिंदू ४.१ किलोपार्सेक बाजूला धरला, तर त्या बिंदूपासून पाहताना फिरणाऱ्या वायूचा एक भाग जवळ येताना आणि एक भाग दूर जाताना दिसतो. म्हणजे निव्वळ फिरण्यातून वायू आत ओढला जातोय आणि बाहेर फेकला जातोय असं खोटं चित्र तयार होतं. त्यात आणखी एक भर: वायटी रेडियल व्हेलॉसिटी काढताना 'बल्क_व्हेलॉसिटी' (आख्ख्या वस्तूचा एकत्रित वेग) नावाचा पॅरामीटर बघतो, आणि तो आपण दिला नाही तर शून्य धरतो. मध्यभागी स्थिर असलेल्या एकट्या दीर्घिकेला हे चालून जातं. कॉस्मॉलॉजिकल सिम्युलेशनमधली दीर्घिका मात्र सेकंदाला शेकडो किलोमीटरने वाहत जात असू शकते. तिथे आधी 'स्फिअर' करायचा, त्यावर 'क्वांटिटीज'मधलं 'बल्क_व्हेलॉसिटी' काढायचं, मग 'सेट_फील्ड_पॅरामीटर'ने ते त्याच गोलाला द्यायचं, आणि त्यानंतरच रेडियल व्हेलॉसिटीला हात लावायचा. कोनीय संवेगाची दिशाही याच केंद्रावर आणि याच वेगावर अवलंबून असते. चकती समोरून बघण्यासाठी ती दिशा 'ऑफॲक्सिसप्रोजेक्शनप्लॉट'ला देतात. केंद्र चुकलं की चित्र तिरकं येतं आणि दोष प्रोजेक्शनला दिला जातो.

गोल निवडताना वायटीचा नियम सरळ आहे: सेलचा मध्यबिंदू गोलात असेल तर आख्खा सेल आत, नाहीतर आख्खा बाहेर. दाट भागात, जिथे सेल १२२ पार्सेकचे आहेत, १० किलोपार्सेकच्या गोलाला याने फरक पडत नाही. पण पेटीच्या कोपऱ्यात, जिथे सेल ३१.२५ किलोपार्सेकचे आहेत, तोच गोल रिकामा निघू शकतो. एकही मध्यबिंदू सापडत नाही, आणि पुढे कमाल-किमान काढताना नम्पाय रिकाम्या ॲरेची तक्रार करतं. सगळ्यात बारीक सेलपेक्षाही लहान त्रिज्या दिली तर वायटी स्वतःच 'वायटीस्फिअरटूस्मॉल' म्हणून अडवतो. त्या मानाने ही एरर चांगली, कारण नेमकी अडचण तिच्या नावातच आहे.

प्रोजेक्शनकडे वळू. वेट (सरासरी भारित करायचं फील्ड) न देता घनतेचा 'प्रोजेक्शनप्लॉट' काढला तर वायटी दृष्टिरेषेवर बेरीज करतो आणि एकक होतं ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. म्हणजे पृष्ठघनता, अगदी योग्य. 'सेट_युनिट'ने ती सूर्यवस्तुमान प्रति चौरस पार्सेकमध्ये बदलून घेता येते. १ ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे साधारण ४,७९० सूर्यवस्तुमान प्रति चौरस पार्सेक. तेच तापमानावर केलं तर मात्र केल्विन गुणिले सेंटिमीटर असं निरर्थक एकक येतं. पेटीची लांबी ३.०९ गुणिले १० चा २४ वा घात सेंटिमीटर आहे, त्यामुळे दहा लाख केल्विनचा विरळ वायू रंगपट्टीवर १० चा ३० वा घात असा दिसतो. तापमानाच्या रंगपट्टीवर असे आकडे दिसले की वेट राहिलंय, हे ओळखावं.

वेट कुठलं द्यायचं, याला एकच उत्तर नाही. घनता दिली तर थंड, दाट चकती चित्रावर राज्य करते. घनफळाने भारित केलं तर चकतीभोवतीचा तप्त, विरळ वायू वर येतो. क्ष-किरणांत काय दिसेल याचा अंदाज घ्यायचा असेल तर घनतेचा वर्ग जास्त जवळचा. तिन्ही चित्रं 'तापमान' म्हणूनच छापली जातात, म्हणून मथळ्यात वेट लिहिणं आम्ही सक्तीचं मानतो.

'फेजप्लॉट'मध्ये हीच गोष्ट उलट्या बाजूने अडवते. घनता आणि तापमान या दोन अक्षांवर वायूचं वस्तुमान कुठे किती आहे, हा आलेख सगळ्यांनाच हवा असतो. पण इथे डिफॉल्ट वेट वस्तुमानच आहे. काही न सांगता वस्तुमान काढलं तर प्रत्येक चौकटीत एकूण वस्तुमान न येता सेलच्या वस्तुमानाची सरासरी येते. वेटच्या जागी 'नन', म्हणजे काहीच नाही, असं द्यावं लागतं. बरोबर झालं का याची खूण सोपी: सगळ्या चौकटींची बेरीज गोलातल्या एकूण वस्तुमानाएवढी भरायला हवी. ही बेरीज करायला अर्धा मिनिट लागतो आणि ती टाळू नये.

फील्डची, म्हणजे घनता-तापमानासारख्या राशींची, नावं जोडीने द्यावीत. पहिला शब्द प्रकाराचा, दुसरा नावाचा. 'एन्झो, डेन्सिटी' म्हणजे फाइलमध्ये जसं आहे तसं, कोडच्या एककात. 'गॅस, डेन्सिटी' म्हणजे वायटीने सीजीएसमध्ये (सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद एककांत) आणलेलं. कण असतील तर नुसतं नाव संदिग्ध होतं. एन्झोमध्ये कृष्णद्रव्याचे आणि ताऱ्यांचे कण एकाच प्रकाराखाली येतात. 'पार्टिकल_टाइप' १ असेल तर कृष्णद्रव्य, २ असेल तर तारा. ते वेगळे करायला पार्टिकल फिल्टर लिहून डेटासेटला जोडावा लागतो. तो न जोडता 'ताऱ्यांचं वस्तुमान' काढलं की त्यात कृष्णद्रव्यही मोजलं जातं.

एककांचं काम युनिट नावाची वेगळी लायब्ररी करते. नाव उच्चारायला इंग्रजीतल्या एककासारखंच, पण स्पेलिंग निराळं आणि त्यात वायटी दडलेलं. मुळात ती वायटीतूनच बाहेर काढलेली आहे. किलोपार्सेकमध्ये सेकंद मिळवायला गेलं की ती थांबवते. स्वतःचं फील्ड बनवताना सांगितलेलं एकक आणि फंक्शनमधून निघालेलं एकक जुळलं नाही तरी थांबवते. वैतागून एकक काढून टाकणारे लोक बघितले की वाईट वाटतं. ती एरर म्हणजे सूत्रातली खरी चूक असण्याची शक्यता मोठी असते. नवं फील्ड लोड केलेल्या डेटासेटवरच, म्हणजे त्याला नेहमी दिल्या जाणाऱ्या 'डीएस' या नावाच्या 'ॲड_फील्ड'ने जोडावं. डेटासेट उघडल्यानंतर वायटीच्या जागतिक 'ॲड_फील्ड'ला सांगितलं तर उघडलेल्या डेटासेटला ते कळतच नाही.

मेमरी संपते ती बहुधा 'कव्हरिंग_ग्रिड'वर. निरनिराळ्या पातळ्यांचे सेल एकसारख्या जाळीत हवे असतात, म्हणून पातळी ८ आणि पूर्ण पेटी असं सांगितलं जातं. ३२ गुणिले २ चा ८ वा घात म्हणजे ८,१९२. त्याचा घन साधारण ५५० अब्ज सेल, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे एकट्या घनतेला ४.४ टेराबाइट. लॅपटॉप तिथेच अडकतो. मधला २० किलोपार्सेकचा घन घेतला तर बाजूला १६४ सेल, एकूण ४४ लाख, आणि मेमरी ३५ एमबी. रेझोल्यूशन तेच. मूळ सेलचा मोठा आकडा आणि बारीक सेलचा लहान आकडा कागदावर लिहून ठेवायला सांगितलं ते यासाठीच.

प्रोजेक्शन, प्रोफाइल आणि 'क्वांटिटीज'मधली फंक्शनं तुकड्यातुकड्याने काम करतात, त्यामुळे ती मोठ्या डेटावरही चालतात. आख्ख्या पेटीचं एखादं फील्ड नावाने मागितलं की मात्र ते पूर्ण मेमरीत येतं. १,०२४ च्या घनाएवढ्या जाळीचं एक फील्ड ८.६ जीबी होतं. बेरीज हवी असेल तर 'टोटल_क्वांटिटी' वापरावं.

गॅजेटसारख्या कणांवर चालणाऱ्या कोडचा डेटा असेल तर आवृत्ती बघूनच बोलावं. तिसऱ्या आवृत्तीपर्यंत वायटी कण अष्टवृक्षात (आठ-आठ भागांत फुटत जाणाऱ्या पेट्यांत) टाकायचा आणि त्या पेट्यांवर चित्र काढायचा. पेटी कधी फोडायची ते 'एन_रेफ' हा आकडा ठरवायचा, डिफॉल्ट ६४. चौथ्या आवृत्तीपासून प्रत्येक कणाची स्वतःची स्मूदिंग लांबी (कण जेवढ्या अंतरात पसरलेला धरतात ती) वापरून चित्र निघतं. २०२१ च्या आधीची स्क्रिप्ट आज चालवली तर चित्र वेगळं येतं, आणि वेगळं यायलाच हवं. जुन्या बायनरी फाइलीत एककं लिहिलेली नसतात. तिथे वायटी गॅजेटची नेहमीची एककं धरतो, तेव्हा आपल्या सिम्युलेशनची तीच आहेत का ते पॅरामीटर फाइलीत बघून घ्यावं. पहिल्यांदा उघडल्यावर वायटी डेटाशेजारी ईवाह एक्सटेन्शनची एक सूची-फाइल लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उघडतं. सामायिक क्लस्टरवर ते फोल्डर फक्त वाचण्यापुरतं असेल तर सूची लिहिताच येत नाही आणि दर वेळी पुन्हा बांधली जाते. लोक याला 'वायटी फार हळू आहे' म्हणतात.

अनेक स्नॅपशॉटवर तेच काम करायचं असेल तर काम अनेक प्रोसेसमध्ये वाटणारी एमपीआय४पाय ही लायब्ररी टाकून स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'एनेबल_पॅरललिझम' बोलवावं आणि मालिकेवर 'पायटर' चालवावं. ती एक ओळ राहिली आणि एमपीआयरनला चार प्रोसेस सांगितले, तर चारही जण तेच काम पहिल्यापासून शेवटपर्यंत करतात आणि एकाच फाइलवर लिहितात. वेळ अजिबात कमी झाला नाही, तर आधी ही ओळ शोधावी. चित्रफीत करायची असेल तर 'सेट_झेडलिम'ने रंगपट्टीची दोन्ही टोकं बांधून टाकावीत. नाहीतर प्रत्येक फ्रेम आपली कक्षा स्वतः ठरवते, आणि लुकलुकणाऱ्या रंगांत वायू दाट झाला की पट्टी सरकली हे कळत नाही.

सेव्ह करताना फाइलचं नाव वायटी स्वतः बनवतो: डेटासेटचं नाव, स्लाइस की प्रोजेक्शन, अक्ष, फील्ड, आणि वेट असेल तर तेही. रुंदी आणि केंद्र त्यात येत नाहीत. त्यामुळे पेटीच्या मध्यावरून काढलेला स्लाइस आणि त्या ४.१ किलोपार्सेक दूरच्या गाठीवरून काढलेला स्लाइस एकाच नावाने सेव्ह होतात, आणि दुसरा पहिल्यावर बसतो. आम्ही 'सेव्ह'ला दर वेळी स्वतःचं नाव देतो आणि त्यात केंद्र आणि रुंदी लिहितो. प्रोजेक्शन काढायला वेळ लागला असेल तर त्याच वेळी 'सेव्ह_ॲज_डेटासेट'ही करून ठेवतो. ती एचडीएफ५ फाइल पुन्हा 'लोड'ने उघडते आणि नवी रंगपट्टी लावायला मूळ सिम्युलेशनच्या फाइली लागत नाहीत.